तिसऱ्या ओळीची चाल

रामदासपेठ, नागपूर
९ जुलै १९६७

प्रिय रुपराव,

इतक्या दिवसांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळं क्षेम आहे. यमूचे गुडघे तेवढे कुरकुरतात, आणि मी निवृत्तीनंतरच्या लांबलचक दुपारी खिडकीशी बसून जुन्या कविता गुणगुणतो. सारा जन्म मराठी शिकवलं रे. खडू सुटला, कविता काही सुटत नाहीत.

लिहायचं कारण असं. परवा संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून मी आपल्या चौथीच्या पुस्तकातली ती कविता म्हणत होतो,

पैल नदीच्या निळ्या किनारी
गाव कुणाचे दिवे उजळते,
नावाड्या रे, सोड होडके,
मन माझे त्या तीरी पळते.

शेजारी एक गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ते एकदम म्हणाले, "मास्तर, चाल चुकली."

मी म्हटलं, "शक्य नाही. मी काटोलच्या शाळेतला."

"मग बरोबर. काटोलची चुकलेलीच असणार. आमची उमरेडची ऐका." आणि शेंगांचा पुडा माझ्या हातात देऊन त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं. कविता तीच, शब्द तेच, पण चाल साफ निराळी! आमचा वाद ऐकून भंडाऱ्याचे एक जण थांबले. मग वर्ध्याचे. दिवे लागले तरी आम्ही सगळे म्हातारे बाकाभोवती उभे राहून भांडत होतो. रुपराव, खरं सांगतो, माझ्या निरोपाच्या सत्काराला इतका आनंद झाला नव्हता.

तिथंच ठरलं. एक मासिक काढायचं. गवयांसाठी नाही आणि विद्वानांसाठीही नाही. शाळेत म्हटलेल्या कवितांच्या चाली ज्यांच्या जिभेवरून अजून उतरलेल्या नाहीत, त्या वेड्यांसाठी. नाव 'चाल'. पहिला अंक दिवाळीला. या चाली कुणी तबकडीवर घेतल्या नाहीत, कुणी घेणारही नाही. आपल्याबरोबर गेल्या की गेल्या.

पहिलं पान अर्थातच केशवगुरुजींच्या चालीचं. आठवतात ना? काळी टोपी, खिडकीच्या कट्ट्यावर तपकिरीची पितळी डबी, कविता शिकवताना मिटलेले डोळे. आणि ती शिंक! कौलांवरची कबुतरं उडायची. चौथीनंतर त्यांची बदली झाली आणि पुढे ठावठिकाणा लागला नाही. आता असते तर ऐंशीच्या घरात असते.

तुझ्याकडे काम एवढंच. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ मला लख्ख येते. तिसरीला, 'नावाड्या रे'ला, गळा अडतो. काही केल्या आठवत नाही. तू वर्गात पुढे म्हणणारा. गुरुजींनी सुरू करायचं, मग तू, आणि तुझ्यामागून आम्ही सारे. तुला नाही येणार तर कुणाला? तेवढी एक ओळ पाठव. गुरुजींचं पान अर्धवट राहणार असेल तर मला मासिकच काढायचं नाही.

आणि हो, चाल कागदावर छापायची कशी, तेही सुचव. स्वरलिपी आमच्या वाचकांना येत नाही. संपादकालाही येत नाही.

तुझा
दत्तोपंत


काटोल
२२ जुलै १९६७

दत्त्या,

रामराम. तुह्यं पत्र भेटलं. पोस्टमन वावराच्या धुऱ्यावर उभा राहून म्हणे, "काका, वाचून दाखवू काय?" म्या म्हटलं, माह्या दोस्ताचं मोत्यावानी अक्षर आहे, तू आपला जाय. मंग ध्यानात आलं का चष्मा घरी राहिला. परत बलावलं त्याले. आता काटोलच्या अर्ध्या पोस्टाले माहीत आहे का दत्तोपंत मास्तर म्हातारपणी मासिक काढून राहिले.

त्या उमरेडवाल्याले सांग, काटोलची चाल चुकलेली वाटत असंल तर कान साफ करून ये. तिकडे मिरच्या खाऊन खाऊन गळेच तसे होते.

मासिकाचं रूप कसं असावं म्हणतोस, तर ऐक. आमी संत्र्याच्या पेटीवर छाप मारतो तसं कर. वरचा कागद संत्र्याच्या रंगाचा, मधात एक चित्र, खाली मोठं नाव. बाजारात शंभर पेट्या राहिल्या तरी आपली लांबून दिसते. चित्रात तुह्यं थोबाड नको टाकू. गिऱ्हाईक पळते.

चाल कशी छापावी, हे मले काय समजते गा? संत्र्याचा वास छापता येते काय? पेटी उघडली का येते. चालीचंही तसंच आहे. तोंड उघडलं का येते.

तिसरी ओळ म्हणशील तर थे माह्या तोंडातच बसली आहे. काही फिकर करू नको. पण तूच सांग, लिहून पाठवू कशी? तू आधी छापायची रीत शोध. मंग ओळ माह्याकडून घेऊन जाय.

वहिनीच्या गुडघ्याले रुखमानं तेल देऊन ठेवलं आहे. कोणी येणारं असलं का धाडतो.

तुहा
रुपराव


रामदासपेठ, नागपूर
१९ ऑगस्ट १९६७

प्रिय रुपराव,

रीत सापडली! आणि ती मला सापडली नाही, यमूला सापडली.

आधी छापखान्यात गेलो होतो. मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला म्हटलं, "सूर वर गेला की अक्षर वर गेलं पाहिजे, खाली आला की खाली. नुसतं पाहून म्हणता यावं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला ओळ सोडून अंगणात धावायला सांगतोय. म्हणाला, "मास्तर, खिळे रांगेत बसतात. उड्या मारत नाहीत." पडल्या चेहऱ्यानं घरी आलो. यमू दारात रांगोळीचे ठिपके टाकत होती. माझं गाऱ्हाणं ऐकून मान वर न करता म्हणाली, "इतकं काय त्यात? ठिपके काढा आणि अक्षरं ठिपक्यांवर बसवा. उंच सूर वरच्या ठिपक्यावर, खालचा खाली. लांबवायचं असेल तर रेघ ओढून पुढच्या ठिपक्याला न्या."

रुपराव, मी उंबऱ्यावरच बसलो. जन्मभर माझ्या दारात स्वरलिपी काढली जात होती आणि मी ती रोज ओलांडून शाळेत जात होतो!

मग खिळेच नकोत असं ठरलं. लकडगंजात माझा एक जुना विद्यार्थी चंपतराव लाकडाची वखार चालवतो. त्याच्या कचेरीत सायक्लोस्टाइलचं यंत्र आहे. मेणकागदावर टोकदार लेखणीनं हवं ते कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा की प्रती निघतात. अक्षरांनी कितीही उड्या मारल्या तरी यंत्र तक्रार करत नाही. चंपतराव म्हणाला, "सर, यावर आजवर सागवानाचे भाव छापले. कविता पहिल्यांदाच. यंत्राला मानवेल ना?" मानवली! सोबत नमुन्याचं पान पाठवतो. पान आडवं धरायचं, म्हणजे एक ओळ एका श्वासात बसते. अक्षर मोठं ठेवलंय, आपल्या वयाच्या डोळ्यांसाठी. समासात शाळेचं नाव, गुरुजींचं नाव आणि त्यांची एखादी लकब. गुरुजींच्या समासात मी तपकिरीची डबी काढली आहे. यमू म्हणते ती कासवासारखी दिसते.

तिसऱ्या ओळीचे ठिपके रिकामे आहेत. आता रीत मिळाली आहे. तेवढे भरून पाठव.

तुझा
दत्तोपंत


काटोल
६ सप्टेंबर १९६७

दत्त्या,

पोळा झाला. बैलं सजवली, तोरणाखाली उभी केली, पुरणपोळी खाल्ली. म्हणून उत्तराले उशीर.

तुह्या कागदाची मजा सांगतो. म्या थो खाटेवर ठेवला होता. रुखमानं पाह्यला. तिले अक्षर वाचता येत नाही, तुले माहीत आहे. पण ठिपके पाहून बोट फिरवलं अन् लागली ना गुणगुणायले! पहिली ओळ बराबर, दुसरी बराबर. म्या म्हटलं, "हे तुले कोण शिकवलं वं?" म्हणे, "यात शिकवाचं काय? ठिपका वर गेला का आपण वर जाव." मंग रिकाम्या ठिपक्यापाशी येऊन थांबली. म्हणे, "पुढे सांगा ना. तुमी तं लगनात सांगतलं होतं का शाळेत मीच पुढे म्हणत होतो."

तं अशी तुही रीत पास झाली. वहिनीले माहा रामराम सांग.

तिसरी ओळ मी दिली असती, पण पाण्यापावसात गळा बसला आहे. ओळ म्हटल्याशिवाय ठिपका कोठी देवावा थे समजत नाही. अन् बागेत फळ धरून राहिलं आहे, टेकू द्यायचं काम आहे. तसंही हे समोरासमोर सांगायचं काम आहे. अशा गोष्टी काय पोस्टानं होते?

तुहा
रुपराव


रामदासपेठ, नागपूर
२७ सप्टेंबर १९६७

प्रिय रुपराव,

समोरासमोर म्हणालास म्हणून मी गेल्या रविवारी बसनं काटोलला आलो होतो. रुखमावहिनी म्हणाल्या, तू आत्ताच मागच्या दारानं बागेत गेलास. बागेत गेलो तर गडी म्हणाला, मालक आत्ताच घराकडे गेले. चहा पिऊन परत फिरलो.

मी मूर्ख नाही. तू माझ्यावर रागावला आहेस. नमुन्याच्या पानावर 'संपादक : दत्तोपंत' एवढंच लिहिलं, तुझं नाव कुठेच नाही, हे तुला लागलं असणार. चूक माझी. नव्या मेणकागदावर कोरून घेतलंय, 'वर्गात पुढे म्हणणारे : रुपराव'. माझ्या नावाच्या वर.

अंक आता थांबवता येत नाही. मासिक नको म्हणालो होतो ते आठवतंय, पण उमरेडकर आणि भंडारेकर रोज येऊन विचारतात. मुखपृष्ठ तुझ्या म्हणण्याप्रमाणे संत्र्याच्या रंगाचं. मधे काय चित्र असावं यावर बाकावर पुन्हा भांडण झालं. कुणी वीणा म्हणे, कुणी मोर. शेवटी यमूला म्हटलं, तू रोज दारात काढतेस तीच वेल काढ. तिनं ठिपके टाकले आणि एका दमात वेल नेली. खालून उठते, उंच जाते, तिथं जराशी रेंगाळते आणि मग हळूहळू उतरत कोपऱ्यात टेकते. प्रत्येक ठिपक्यावर एक पान. साधी, पण फार गोड.

आत गुरुजींच्या पानावर तिसऱ्या ओळीचे ठिपके कोरे सोडतोय. खाली लिहिलंय, 'ज्यांना येत असेल त्यांनी कळवावे.' हे लिहिणं जिवावर आलं रे. ज्याला येते तो काटोलात बसला आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

दत्तोपंत


काटोल
८ ऑक्टोबर १९६७

दत्त्या, माह्या बाप्पा,

रागावलो कोण म्हणते? नावाचं काय घेऊन बसला! मी तुह्यापासून पळून राहिलो होतो, कारण मले थे ओळ येतच नाही.

आता हसून घे. हसला काय? मंग पुढे वाच.

तुह्यं पहिलं पत्र आलं तवा वाटलं, तोंड उघडीन अन् येईल. उघडलं तं पहिली आली, दुसरी आली, अन् तिसरीले नुसती हवा. गोठ्यात म्हणून पाह्यलं, विहिरीवर म्हणून पाह्यलं. बैलं कान टवकारून पाहे. पन्नास वर्सं सांगत आलो का मी पुढे म्हणत होतो. सोयऱ्यात, लगनात, पंचायतीत. आता कोणत्या तोंडानं सांगू?

मंग चोरून आपल्या वर्गातल्या चंद्रभानच्या घरी गेलो. म्या म्हटलं, "चंद्रभान, नावाड्या रे कसं होतं गा?" त्यानं ताबडतोब म्हणून दाखवलं. मी खूश. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ आतून आला, थोही आपल्याच वर्गातला, अन् म्हणे, "हॅट! असं नव्हतं." त्यानं दुसरंच म्हटलं. मंग प्रयागबाईले बलावलं, थे पोरींच्या पाटावर बसे. तिनं तिसरंच सांगतलं, अन् वरून म्हणे का तुमी पोट्टे तवाही बेसूरच होते. तिघं बी आपलीच खरी म्हणून शपथा घेऊन राहिले. चंद्रभान अन् त्याचा भाऊ आता एकमेकाच्या घरचा चहा पीत नाही.

असं कसं झालं गा? पहिल्या दोन ओळी अन् चौथी साऱ्याची एकसारखी. तिसरीच कशी फुटली?

माह्यं नाव मेणकागदावरून खोडून टाक. 'पुढे म्हणणारे' लिहू नको. 'संत्र्याच्या रंगाची सूचना करणारे' एवढं लिही. थे खरं आहे.

तुहा
रुपराव


रामदासपेठ, नागपूर
२५ नोव्हेंबर १९६७

प्रिय रुपराव,

तुझं पत्र वाचून हसलो, मग यमूला वाचून दाखवलं, मग पुन्हा हसलो. तुझं नाव खोडलेलं नाही. ज्याच्या मागून आम्ही म्हणत होतो तो पुढेच होता, ओळ येवो न येवो.

आता माझी ऐक. दिवाळीला अंक निघाला. चंपतरावाची कचेरी शाईनं माखली, त्याचा मुनीम नाकापर्यंत काळा झाला, पण अंक निघाला! टपालानं गावोगाव गेला आणि लगोलग पत्रं यायला लागली. पहिलं पत्र उघडलं, तर एक निवृत्त तलाठी लिहितात, 'मुखपृष्ठावर दिलेली चाल अतिशय आवडली. घरात सगळे म्हणतात. ही कोणत्या कवितेची?'

मला वाटलं, माणूस चक्रम दिसतो. दुसरं पत्र, 'मुखपृष्ठावरची चाल सुंदर, मात्र शब्द छापायचे राहिले काय?' तिसऱ्यात तर त्यांनी शब्दही लावून टाकले होते. आता समजलं ना? आत आम्ही सांगितलं, ठिपका वर तर सूर वर. लोकांनी आमचं ऐकलं, आणि मुखपृष्ठापासूनच म्हणायला सुरुवात केली! यमूची वेल घरोघर गायली जातेय.

मी खजील. शुद्धिपत्र लिहायला बसलो. 'मुखपृष्ठावरील आकृती ही चाल नसून नक्षी आहे.' यमू आतून म्हणाली, "आधी एकदा म्हणून तरी पाहा, माझी नक्षी आहे कशी ते." तिच्या मनासाठी पानावर बोट ठेवून निघालो. शब्द कोणते घेऊ? ओठांवर रोज एकच कोडं. सहज घेतलं, 'नावाड्या रे, सोड होडके'.

रुपराव, ओळ चपखल बसली! हाक उंच जाते, नदीच्या मधोमध रेंगाळते, आणि मग होडी पाण्यात उतरावी तशी उतरत येते, नेमकी तिथं, जिथून चौथी ओळ उचलायची. वेलीवरची पानं अक्षरांपेक्षा दोन जास्त भरली. त्यांच्यासाठी शेवटचा 'के' लांबवला, तर तेच सगळ्यात गोड लागलं. यमू पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहिली होती. पिठाच्या हातानं डोळे पुसले तिनं. म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून वेल त्या दिवशी लवकर खाली आणली हो."

आणि कहर म्हणजे काल जबलपूरहून आपल्याच वर्गातल्या एकाचं पत्र आलं. 'तिसरी ओळ मुखपृष्ठावर देण्याची कल्पना छान. अगदी हीच. गुरुजी डोळ्यांसमोर उभे राहिले.' याला काय उत्तर देऊ? शुद्धिपत्र छापू की नको? गुरुजींच्या नावावर माझ्या बायकोची रांगोळी खपवणं मनाला पटत नाही.

तुझा
दत्तोपंत


काटोल
३ डिसेंबर १९६७

दत्त्या,

शुद्धिपत्र छापशील तं काटोलच्या रस्त्यानं येऊ नको.

अंक घेऊन मी बागेत गेलो. संत्र्याची तोड चालू आहे. पेटीवर अंक उभा ठेवला अन् वेलीवर बोट फिरवत तिसरी ओळ लावली. पह्यल्यांदा हळूच. मंग जोरात. झाडावर चढलेले तोडणारे वरूनच म्हणाले, "काका, आणखी एक डाव!" दुपारपर्यंत सारी बाग 'नावाड्या रे' करून राहिली होती. आमच्या बागेत नदी नाही, होडी नाही, तरी साऱ्याले पैलतीरी जायची घाई.

चंद्रभान अन् त्याचा भाऊ दोघंही येऊन ऐकून गेले. चंद्रभान म्हणे, "पाह्य, मी म्हणत होतो थेच हे." भाऊ म्हणे, "तू नाही, मी म्हणत होतो थेच." दोघंही खूश. चहा चालू झाला.

अन् मजा सांगू काय? आता मलेही आठवून राहिलं का हेच होतं. गुरुजी, थे खिडकी, अन् हेच 'नावाड्या रे'. खोटं आहे हे मले ठावं आहे. तरी आठवते गा. त्याले मी काय करू?

तुहा
रुपराव
(वर्गात पुढे म्हणणारा)


दारव्हा
१६ जानेवारी १९६८

श्री. दत्तोपंत यांस सुमतीचा नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचा अंक यवतमाळच्या एका आप्तांनी संक्रांतीच्या हलव्याबरोबर पाठवला. तुमच्या पहिल्या पानावर ज्यांचं नाव आहे, ते केशवगुरुजी माझे वडील. ते हयात आहेत, माझ्याकडे असतात, आणि तुम्ही काढलेली डबी पाहून म्हणाले, "हे कासव कशाला काढलं?" हात कापतो, म्हणून पुढचं त्यांच्या शब्दांत मी लिहिते.

'चि. दत्तू आणि चि. रुपराव यांस अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघे माझी तिसरी ओळ शोधता आहात असं सुमतीनं वाचून दाखवलं. बाळांनो, शोधू नका. ती नव्हतीच. चाल मी बांधली तेव्हा पहिल्या दोन ओळी अंघोळ करताना सुचल्या आणि चौथी शाळेच्या वाटेवर. तिसरी काही केल्या बसेना. शाळा तपासायला साहेब यायचे होते. मग मी युक्ती केली. तिसरी ओळ आली की डबी उघडायची, चिमूट नाकाला लावायची आणि शिंकायचं. तेवढ्या वेळात तुम्ही सारे आपापल्या मनानं ओरडून नदी पार करायचात आणि चौथ्या ओळीला मी पुन्हा तुम्हांला गाठायचो. साहेब म्हणाले, मुलांमध्ये उत्साह चांगला आहे.

रुपरावचा आवाज सगळ्यांत मोठा. तो दर वेळी निराळं म्हणायचा. म्हणूनच त्याला पुढे ठेवला होता.

सुमतीनं मुखपृष्ठावरची वेल म्हणून दाखवली. तिला ती चालच वाटली. मलाही वाटली. पुन्हा म्हणायला लावली. दत्तू, ती कुणी काढली असेल त्या माउलीला सांग, ही मला तेव्हा सुचली असती तर तपकिरीचं व्यसन लागलं नसतं.

रिकाम्या ठिपक्यांवर हीच बसव आणि खाली तिचं नाव घाल. आणि एकदा दोघे येऊन समोर म्हणा. या वेळी तिसऱ्या ओळीला मी डबी उघडणार नाही. ऐकेन.'

ते वाट पाहत आहेत. तुम्ही याल तेव्हा आधी कळवा, म्हणजे नवी टोपी काढून ठेवते.

सुमती


रामदासपेठ, नागपूर
२१ जानेवारी १९६८

रुपराव,

सोबतचं पत्र बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

वाचलंस? आता धोतर धुवायला टाक. पुढच्या आठवड्यात दारव्ह्याला जायचं. यमूही येते आहे. गुडघ्यांचं नाव काढत नाही. सकाळपासून दारात तिसऱ्या ओळीची वेल काढून बसली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओलांडू देत नाही. मी घरातून बाहेर पडलेलो नाही.

दुसऱ्या अंकाचं पहिलं पान असं कोरलंय, 'पैल नदीच्या. शाळा काटोल. पहिली, दुसरी व चौथी ओळ : केशवगुरुजी. तिसरी ओळ : यमुताई.' डबी नव्यानं काढली. या वेळी ती पेरूसारखी दिसते.

तुझा
दत्तू


काटोल
१२ फेब्रुवारी १९६८

दत्त्या,

घरी सुखरूप पोचलो. संत्र्याची एक पेटी तुह्याकडे अन् एक गुरुजीकडे आजच धाडली.

दारव्ह्याहून आल्यापासून रुखमा रोज इचारते, अन् मी रोज पह्यलेपासून सांगतो. गुरुजी खिडकीपाशी बसले होते, नवी टोपी घालून. आपण दोघं समोर मांडी घालून बसलो, हाताची घडी, चौथीत बसत होतो तसे. तुह्या मांडीले पेटके आले, मी पाह्यलं. गुरुजीनं डोळे मिटले, पह्यली ओळ उचलली. आवाज बारीक, पण सूर तिथंच! मंग मी, मंग तू. तिसरी आली तवा त्याचा हात सवयीनं डबीकडे गेला. झाकणावर बोट ठेवलं, अन् तसंच राहू दिलं. आपण म्हटलं. वहिनी दारातून हळूच म्हणून राहिल्या होत्या. 'के' लांबत गेला तशी गुरुजीची मान हालत गेली, जशी काही होडी काठाले लागून राहिली.

अन् मंग, दत्त्या, चौथ्या ओळीले, 'मन माझे'च्या ऐन वरच्या सुरावर, थो शिंकला! डबी न उघडता! काय शिंक ती! दारव्ह्याची सारी कबुतरं उडाली. टोपी पडली, सुमतीताईच्या हातातला चहा सांडला, अन् गुरुजी डोळे पुसत म्हणे, "ही कुठं ठेवली होती कोण जाणे."

हासत हासत आपण घरी आलो, पण आता पंचाईत झाली आहे. बागेत मी कविता म्हणतो. पह्यली ओळ होते, दुसरी होते, तिसरी तं सोन्यावानी होते. अन् चौथीले 'मन माझे' म्हटलं का सारे तोडणारे एकदम शिंकते. म्याच शिकवलं त्यायले. आता त्याच्याबिगर गोडच लागत नाही.

तं दुसरा अंक जरा थांबव. चौथी ओळही आता बदलली आहे. त्या शिंकेचा ठिपका कोठी बसवाचा, थे वहिनीले इचार.

तुहा
रुपराव